आकडा लावू नका

ठराव झाला. टाळ्या पडल्या. चहा आला.

ठराव असा : येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी, मुंबईतल्या आपल्या शाखांनी मिळून मराठवाड्यातल्या एका आश्रमशाळेला भेट द्यायची. तिथली पोरं पारधी, कैकाडी, वडार, गोपाळ. कुणाचे आईबाप उसाच्या फडावर, कुणाचे वीटभट्टीवर, कुणाचे पालावर, कुणाचे कुठंच नाहीत. टेम्पो ठरला. वह्या किती, बिस्किटाचे पुडे किती, ते ठरलं. बॅनर आठ फुटी की दहा फुटी, आणि त्यावर कुणाचा फोटो डावीकडं, यावर पाऊण तास गेला. ज्या पोरांकडं जायचंय त्यांना आपण यायला हवे आहोत का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. हात वर करणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो. तेव्हा दोस्तांनो, ह्या वेळचं संपादकीय प्रस्थापितांना शिव्या द्यायला नाही. ह्या वेळी कानफाट आपलंच आहे.

घरी जाताना लोकलमध्ये मला एक रांग आठवली.

मी सहावी ते दहावी वसतिगृहात काढली. कुठल्या, ते सांगत नाही. पाव्हणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी संडास धुतले जायचे. म्हणजे आम्ही धुवायचो. सकाळी आठपासून उंचीप्रमाणे रांग. पाव्हणे बाराला यायचे. मग स्वागतगीत. मग एकेकाच्या हातात एक केळं आणि एक वही. केळं घेताना कॅमेऱ्याकडं बघायचं, देणाऱ्याकडं नाही, हे आम्हाला आधीच शिकवलेलं असायचं. एकदा एका बाईनं माझ्या शेजारच्या पोराला मायेनं विचारलं, "बाळ, तुझे बाबा काय करतात?" त्याचा बाप जेलात होता. सगळ्या रांगेला ठाऊक होतं. तो म्हणाला, "मास्तर आहेत." रांग फिसकन हसली. बाई पुढं गेल्या. त्या पोरानं ते केळं खाल्लं नाही. पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा कुणीतरी काढून फेकलं.

बाई वाईट नव्हत्या. मला आजही त्यांचा राग येत नाही. राग येतो तो त्या रांगेचा.

पुढच्या वर्षी माझा फोटो एका कॅलेंडरवर आला. खाली छापलं होतं की हा मुलगा तुमच्या मदतीची वाट बघतोय. मला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय ते खोटंही होतं. मी कुणाच्या मदतीची वाट बघत नव्हतो, जेवणाची घंटा कधी होते त्याची बघत होतो. पण एक झालं. त्या फोटोपासून आम्ही सगळे हुशार झालो. मान किती खाली घातली की दुसरं केळं मिळतं, हे आम्हाला बरोब्बर कळायला लागलं. लाचारी ही पण शिकायची गोष्ट असते, आणि तिचे वर्ग असेच भरतात. मास्तर बाहेरून येतात, फळं घेऊन.

आणखी एक माणूस यायचा. एस.टी.च्या डेपोतला मेकॅनिक. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. अधीक्षकांना आधी विचारून यायचा. पंगतीत बसायचा, आपलं ताट आपण घासायचा. चार वर्षांत त्यानं काही म्हणजे काही वाटलं नाही. स्कॉलरशिपचे फॉर्म भरून घ्यायचा. पाण्याचा पंप बिघडला तर खोलायचा आणि आम्हाला भोवती बसवून आतलं दाखवायचा. एखाद्या रविवारी जमणार नसलं तर आधी निरोप पाठवायचा. त्याचा आमच्याबरोबर एकही फोटो नाही. चेहरा मात्र पाठ आहे.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, तिचं काम आहे म्हणून. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. डबे सगळे न्हावा-शेव्याला गेले, गोणीचं काम थोडं उरलंय. गोणी ओढायला आमच्या हातात लोखंडी आकडा असतो. मटक्याचा नव्हे, हातातला. रपकन गोणीत रुतवायचा आणि ओढायचं. काम पटापट होतं, पण गोणीला भोक पडतं आणि वाटभर माल सांडत जातो. म्हणून काही गोण्यांवर आकड्याचं चित्र छापलेलं असतं आणि त्यावर फुली. आकडा लावू नका. तो माल हातानं उचलायचा, खांद्याला लावून.

गोणीवर निदान फुली छापलेली असते. पोराच्या पाठीवर काही छापलेलं नसतं. म्हणून ज्याला त्याला वाटतं, लावा आकडा. "बाबा काय करतात" हा आकडा. कॅमेरा हा आकडा. "म्हणा पोरांनो जोरात, जयभीम!" हासुद्धा आकडाच. आपलं काम पटकन होतं. सांडायचं ते मागं वसतिगृहात सांडत राहतं, आपण तोवर टेम्पोत बसून घरी.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? चार वह्या वाटायच्या, दोन गाणी म्हणायची. ह्या पोरांच्या बाबतीत त्यात फार काही आहे. त्यांच्या मागं एक इतिहास उभा आहे. तो ठाऊक नसेल तर ३१ ऑगस्ट साजरा करण्याचा आपल्याला हक्क नाही.

१८७१ साली इंग्रजानं कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोटातलं पोरसुद्धा गुन्हेगार. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास काढायचा. १९११ च्या कायद्यात तर आईबापापासून पोरं तोडून त्यांना सुधारशाळेत टाकायची सोय होती. म्हणजे निवासी शाळा ही ह्या लोकांना पहिल्यांदा भेटली ती सरकारचं हत्यार म्हणून. सोलापूरला सेटलमेंट होतं. भोवती तार, आत माणसं. साहेब बघायला यायचा तेव्हा उभं राहायचं, मोजून घ्यायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. देश सुटल्यावर पाच वर्षांनी हे सुटले. कायदा गेला, शिक्का गेला नाही. आजही तालुक्यात कुठं चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात. टोळी हा एकच शब्द बघा. आमच्या गोदीत टोळी म्हणजे एका पाळीला लागलेली कामाची माणसं. उसाच्या फडावर टोळी म्हणजे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी. आणि पारध्याच्या पुढं तोच शब्द लावला की दरोडा. घाम तिन्हीकडं तोच आहे. फौजदाराच्या डायरीत मात्र तिसराच जातो.

अशा पोरांना तुम्ही रांगेत उभं करता आणि हातातली यादी बघून नावं पुकारता. तुमच्या मनात वहीवाटप असेल. त्यांच्या आज्याच्या आठवणीत ती हजेरी आहे.

त्याच सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेनं वसतिगृह काढलं. बाबासाहेबांची सभा ती. एका शहरात एकाच वेळी राहण्या-शिकण्याच्या दोन जागा. एक तारेच्या आत, कोंडण्यासाठी. दुसरी दार उघडं, निघून पुढं जाण्यासाठी. त्याआधी १९०८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आधारानं अस्पृश्यांच्या पोरांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं होतं. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली आणि एका पंगतीला बसवली. आपली चळवळ भाषणांतून जेवढी उभी राहिली तेवढीच वसतिगृहाच्या खोल्यांतून. १९७२ साली पँथर निघाली तेव्हा वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात रात्र रात्र दिवे जळत होते. वसतिगृह आपल्याला परकं नाही, आपलं मूळ घर आहे. म्हणून तर तिथं सरकारी पाव्हण्यासारखं जाण्याची लाज वाटायला पाहिजे.

भेटीला कसं जावं, याचा एक धडा आपल्याच घरात आहे. धारवाडच्या वसतिगृहातली रमाईची गोष्ट चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. रमाई तिथं वराळ्यांच्या घरी राहायला गेली होती. रोज अंगणात खेळणारी पोरं एक-दोन दिवस दिसेनात. तिनं विचारलं. कळलं की अनुदान आलं नाही, धान्य संपलंय, पोरं उपाशी आहेत. तिनं हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून वराळ्यांच्या हवाली केल्या. यात बांगड्या मोठ्या, असं आपण समजतो. मला वाटतं मोठं ते आधीचं. अंगण गप्प झालंय हे तिला ऐकू आलं. पोरांना रांगेत बोलावून तिनं "भूक लागली का रे" असं विचारलं नाही. जो चालवतो त्याला विचारलं. दिलं ते त्याच्या हातात, आतल्या खोलीत. पोरांना समोर आलं ते फक्त जेवण. कुणाचे उपकार म्हणून ताटापुढं हात जोडायची वेळ तिनं त्यांच्यावर आणली नाही.

आता आपल्या ठरावाकडं येऊ. मी म्हणत नाही की जाऊ नका. जायलाच पाहिजे. आपण बौद्ध वस्तीतली पोरं, आपल्याकडं बाबासाहेब होते, वाचायला पुस्तकं होती, ओरडायला पक्ष होते. पालावरच्या पोराला अजून ग्रामपंचायतीचा दाखला मिळत नाही. त्याच्याकडं पाठ करून आपण 'बहुजन' म्हणायचं हे ढोंग झालं. पण जायचं तर नीट जाऊ. मी जे म्हणतोय ते मुद्द्यानं सांगतो. बैठकीत माझ्यावर तुटून पडा.

पहिलं. आधी पत्र. मुख्याध्यापक आणि अधीक्षक दोघांच्या नावानं. "आम्ही येतोय, व्यवस्था ठेवा" अशा भाषेत नको, तसं पत्र मंत्री लिहितो. आम्ही कोण, किती जण, कशाला यायचं म्हणतो, कधी आलं तर चालेल आणि पोरांना विचारून कळवाल का. नको म्हणाले तर नको. दार लावून घेण्याचा हक्क झोपडीलाही असतो, आश्रमशाळेलाही आहे.

दुसरं, तारीख. ३१ ऑगस्ट आपल्या सोयीची आहे, कॅलेंडरवर छापलेली. पण उसाच्या टोळ्या कारखान्याकडं निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि परततात मार्च-एप्रिलला. ऑगस्टात बऱ्याच पोरांची आई गावात असते. ती नसते तेव्हा, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, रविवारी सकाळी सगळ्यांत मोठा दिवस असतो. तेव्हा आपण कुठं असतो? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात, १ जानेवारीला भीमा कोरेगावात. जाऊच तिथं. पण मधला एक रविवार काढायला काय हरकत आहे? ३१ ऑगस्ट त्यांचा दिवस आहे. त्यांनी बोलावलं तर मागं सतरंजीवर बसू. माईक त्यांच्या माणसाच्या हातात राहू दे.

तिसरं, माणसं. टेम्पो रद्द. सहा-सात जण, त्यांत निम्म्या बाया. मुलींच्या खोल्यांकडं फक्त आपल्या मैत्रिणी जातील, त्याही अधीक्षिकेबरोबर. कुणीही, कितीही जुना कार्यकर्ता असो, एकट्या पोराला घेऊन आडोशाला बसायचं नाही, बाजारात न्यायचं नाही, गाडीवर फिरवायचं नाही. तुझ्या मनात पाप नसेल. पण पापी माणूसही अशाच हसऱ्या तोंडानं येतो, आणि पोराला दोघांतला फरक कळणार कसा? नियम सगळ्यांना एक असला की फरक कळतो.

चौथं, देणं. पोराच्या हातात काही द्यायचं नाही. काय कमी आहे ते पत्रातच विचारायचं. बहुतेक उत्तर येईल ते आपल्या बॅनरवर शोभणार नाही असं असेल : मुलींसाठी पॅड, मच्छरदाण्या, चड्ड्या-बनियन, मापाच्या चपला, बाथरूमच्या दाराच्या कड्या. तेच न्यायचं. नवं न्यायचं. जुने कपडे मुंबईत ठेवा. संस्थेच्या कोठीत जमा करून पावती घ्यायची आणि ती आपल्या पुढच्या अंकात हिशेबात छापायची. जेवायचं तर आपल्या ताटाचा शिधा आधी पोचवायचा. तिथं अन्न डोकी मोजून शिजतं. आपली सहा ताटं म्हणजे कुणाच्या तरी वाढणीतली सहा ताटं. ताट उचलायचं, घासायचं. आणि स्वयंपाकी, कामाठी, पहारेकरी यांच्याशी आधी बोलायचं, साहेबाशी नंतर. रात्री ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसणारी माणसं ती आहेत. आपण उन्हाळ्याच्या सावलीसारखे येणार नि जाणार.

पाचवं, फोटो. नाही. एकही नाही. मोबाईल फाटकावर पिशवीत. बालगृहातल्या किंवा कोर्टाच्या कामात अडकलेल्या पोराचं नाव, फोटो, शाळा छापायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ बंदी घालतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आश्रमशाळेतलं पोर त्या व्याख्येत बसतं की नाही, हा वकिलाचा प्रश्न. आपल्याला नियम तोच. "पण फोटो नसेल तर शाखेनं काम केलं हे लोकांना कळणार कसं?" कळणार नाही. बरं होईल.

सहावं, बोलणं. जात विचारायची नाही. आईबाप विचारायचे नाहीत. "मोठा होऊन कोण होणार" हेही नको. त्या प्रश्नाला सगळी पोरं "कलेक्टर" म्हणतात आणि पाव्हणे खूष होतात. कबड्डी खेळा. चेंडू मागं आणून द्या. त्यांच्या बोलीला हसू नका. पारध्याच्या बोलीत गुजरातीसारखे शब्द येतात, आपल्याला गंमत वाटते. आपल्या आजीच्या बोलीला हसणारे मास्तर आपण विसरलो का? त्यांना विचारू द्या. मला विचारलं तर मी खरं सांगीन : दहावी झालो, गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो, महिन्याला एवढे एवढे मिळतात, पाठ दुखते. उपदेश करणाऱ्या दहा साहेबांपेक्षा खरं बोलणारा एक हमाल पोराला बरा.

सातवं. "जयभीम" म्हणायला लावायचं नाही. घोषणा नाही, शपथ नाही, सभासद-फॉर्म नाही. मला माहीत आहे, इथं तुमच्यातले काही उखडतील. पण ऐका. आपल्याला शाळेत कुणी कुणाची प्रार्थना म्हणायला लावली होती आणि दाताखाली कसा खडा आल्यासारखं झालं होतं, ते आठवा. जयभीम हा आपल्या तोंडात पेटलेला शब्द आहे. बिस्किटाच्या पुड्याबरोबर तो दुसऱ्याच्या तोंडात कोंबला तर तो 'थँक्यू'च होतो. पोर मोठं होईल, वाचेल, त्याला पटलं तर म्हणेल. नाही पटलं तर आपल्याशी भांडेल. भांडलं तर जास्त चांगलं.

आठवं, कबुली. "परत येऊ" असं म्हणायचं नाही, परत येणार नसाल तर. पाव्हणा हे सहज बोलून जातो आणि पोर चार रविवार फाटकाशी बसतं. मी बसलोय. दोन महिन्यांतून एकदाच जमत असेल तर तसंच सांगा आणि ते पाळा.

आता तुम्ही म्हणाल, हा आदर-आदर करता करता आपल्याला मुकं करणार. संस्थाचालकानं अनुदान खाल्लं, पोरांना किडका तांदूळ घातला, तरी आपण अदबीनं ताट घासायचं? नाही. आदर पोरांचा करायचा, संस्थाचालकाचा नव्हे. डोळे उघडे ठेवायचे. मुलींच्या बाथरूमला आतून कडी आहे का? रात्री व्हरांड्यात दिवा असतो का? मुलींसाठी अधीक्षिका आहे का, की पद कागदावर? आजारी पोराला दवाखान्यात नेल्याची नोंद कुठं आहे? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं आहे? हे सगळं न बोलता दिसतं. पोराला कोपऱ्यात घेऊन "तुम्हाला मारतात का रे" असं विचारायचं नाही. आपण संध्याकाळी निघून जातो. रात्री तो तिथंच असतो.

पण एखाद्या पोरानं किंवा पोरीनं आपणहून सांगितलं की अंगाला हात लावला, तर तिथं आपली मैत्री, संस्थेची इज्जत, चळवळीची युती, सगळं खड्ड्यात गेलं. पुन्हा पुन्हा विचारायचं नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" एवढं बोलायचं. कुणाला सांगणार नाही असं खोटं वचन द्यायचं नाही. लगेच पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की ज्याला कळलं त्यानं कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर तोही गुन्हा. १०९८ हा नंबर प्रत्येकाला पाठ पाहिजे, आणि पोरांनाही पाठ आहे का ते बघायचं. पेपरवाल्याला फोन नाही, फेसबुकवर पोस्ट नाही. पोरीचं दुःख आपल्या मोर्च्याचं बॅनर नाही.

आणि शेवटचं, जे सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं. भेटीचं खरं काम भेटीनंतर आहे, आणि ते मुंबईत, तहसीलीत, समाजकल्याणच्या जिन्यावर आहे. १९३२ साली पुणे करारानंतर जो संघ निघाला आणि पुढं हरिजन सेवक संघ झाला, त्याच्या ठक्करबाप्पांना बाबासाहेबांनी विलायतेला जाताना बोटीवरून पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा साधा होता. एकेका माणसाला सुधारत बसण्याचा एक मार्ग, आणि ज्या परिस्थितीत तो अडकलाय ती बदलण्याचा दुसरा. संघानं दुसरा धरावा, विहिरीचा, शाळेचा, हक्काचा. संघानं तो धरला नाही. आपण त्यांना आजवर शिव्या दिल्या. आता पाचशे वह्यांचा टेम्पो भरताना आपण नेमका कुठला मार्ग धरतोय?

एकच गोष्ट घ्या. विमुक्त-भटक्यांच्या पोराला जातीचा दाखला काढायचा तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा लागतो. ज्याच्या आज्याला कुठल्या गावानं तीन रात्रींच्या वर टिकू दिलं नाही, त्याच्याकडं सरकार राहण्याचा पुरावा मागतं! मिळणार कुठून? कधी शाळेच्या जुन्या रजिस्टरात मिळतो, कधी जन्म-मृत्यूच्या नोंदीत. सेटलमेंटच्या हजेरीत आज्याचं नाव सापडलं तर बघा काय नशीब, ज्या वहीनं गुन्हेगार ठरवलं तीच वही आता नातवाला दाखला देणार. हे कागद शोधायला चार महिने तहसीलीचे खेटे लागतात. आपल्या शाखांत असे वीस जण आहेत ज्यांनी स्वतःच्या दाखल्यासाठी, स्कॉलरशिपसाठी, पडताळणीसाठी सगळी खिडकी न् खिडकी पालथी घातली आहे. कुठला बाबू अकरानंतर येतो नि कुठला साडेतीनला उठतो, हे आपल्याला पाठ आहे. हीच आपली कमाई. एका वर्षात दहा पोरांचे दाखले निघाले तर ते पाचशे वह्यांच्या वर जातं. आश्रमशाळेचं परिपोषण अनुदान कधी आलं, किती आलं, कुणाच्या खात्यात किती दिवस पडून राहिलं, हे २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. बॅनरला लागतील त्या पैशांत असे किती अर्ज होतात, हिशेब करा.

म्हणून माझी सूचना अशी. ठराव मागं घेऊ नका, बदला. टेम्पो रद्द, बॅनर रद्द. पत्र मी लिहिलंय, खाली सगळ्या शाखांच्या सह्या पाहिजेत. बुधवारी रात्री पाळी सुटल्यावर मी ते घेऊन नेहमीच्या जागी बसतो. सही करायच्या आधी वाचा. त्यात एक जागा मुद्दाम कोरी सोडलीय, तारखेची. ती ते लोक भरतील.

उत्तर आलं तर सहा जण जाऊ. गाडीभाडं ज्याचं त्यानं. फाटकाशी कुणी पोर उभं दिसलं तर लगेच जवळ जाऊन डोक्यावर हात फिरवू नका. आधी आपलं नाव सांगा. मग थांबा. त्याला वाटलं तर ते आपलं सांगेल.

जयभीम.